टाउन हॉलच्या तीस पायऱ्या: एशियाटिक आणि मुंबईतल्या पुस्तकवेड्यांचं मंडळ

शाईपेन (धागाकर्ता)

बरेच दिवस हा धागा काढायचा होता, लिहायला बसलं की लांबत जायचं आणि मग राहून जायचं. परवा फोर्टात काम होतं ते लवकर आटपलं म्हणून हॉर्निमन सर्कलला गेलो आणि नेहमीसारखा टाउन हॉलच्या पायऱ्यांवर टेकलो. बाजूला कॉलेजची पोरं फोटो काढत होती, त्यातल्या एका मुलीने विचारलं, काका हे आत काय आहे, कोर्ट आहे का? म्हटलं नाही गं, एशियाटिक सोसायटीची लायब्ररी आहे, दोनशे वर्षांहून जुनी. तर लगेच म्हणाली, "मग आपल्याला आत सोडतात?"

घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यात घोळत होता. कारण या संस्थेचा इतिहास म्हणून मी गेली पंधरावीस वर्षं जे काही वाचत आलोय ते सगळं याच प्रश्नाभोवती फिरतं, आत कुणाला सोडतात.

सुरुवात फोर्टात नाही झालेली, परळला झाली. २६ नोव्हेंबर १८०४. सर जेम्स मॅकिंटॉश म्हणून मुंबईचे रेकॉर्डर होते, म्हणजे कंपनीच्या काळातले इथले मोठे न्यायाधीश. माणूस प्रचंड वाचणारा. त्याने परळच्या गव्हर्नमेंट हाउसात ओळखीपाळखीचे साहेब लोक जमवले आणि लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे काढली. (ती परळची इमारत अजून उभी आहे, हाफकिन इन्स्टिट्यूट तिथेच आहे, रोज हजारो लोक तिथून जातात आणि कुणाला पत्ता नसतो.) तेव्हाची मुंबई डोळ्यासमोर आणा, विलायतेहून पुस्तक यायचं ते केपला वळसा घालून जहाजाने, महिनोन्‌महिने लागणार, आणि आलेलं एकच पुस्तक दहा जणांना वाचायचंय. मग वर्गणी काढा, एकत्र मागवा, एकत्र ठेवा, आणि वाचलं की जमून त्यावर बोला. पुढच्याच वर्षी त्यांनी इथल्या डॉक्टर मंडळींचा एक जुना पुस्तकसंग्रह विकत घेऊन टाकला आणि लायब्ररीला बूड आलं.

१८३० च्या आसपास ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. टाउन हॉलचं काम १८२१ ला सुरू झालं होतं, लॉटरीचे पैसे लावूनसुद्धा ते पुरेनात, शेवटी सरकारने उरलेला खर्च उचलला आणि १८३३ ला इमारत पुरी झाली. कर्नल थॉमस कूपर म्हणून इंजिनियर होते त्यांचा आराखडा. समोरचे आठ डोरिक खांब आणि त्या तीस पायऱ्या. खांबांचा दगड इंग्लंडहून आणलेला.

पण एवढ्या मोठ्या इमारतीत बसून वाचणारा प्रत्येक माणूस गोरा. हिंदी माणसाला सभासदच होता येत नव्हतं. ते दार पहिल्यांदा उघडलं १८४० च्या सुमारास, माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांसाठी. हे तेच माणकजी ज्यांनी पुढे मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. त्यांच्यानंतर मग नाना शंकरशेट आले, डॉ. भाऊ दाजी आले.

आणि आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर हा धागा आहे. दार जेमतेम किलकिलं झालं होतं त्याच दोनचार वर्षांत या संस्थेचं जर्नल निघायला लागलं आणि त्यात ताम्रपट आणि शिलालेखांवर निबंध कुणाचे छापून आले, तर आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचे. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र दर्पण काढणारे बाळशास्त्री. पोंभुर्ल्याहून मुंबईला शिकायला आलेला मुलगा, तिशीच्या आतबाहेर वय, आणि या साहेबांच्या जर्नलात संशोधन लिहिणारा पहिला हिंदी माणूस. बाळशास्त्री १८४६ ला गेले, चौतिसाव्या वर्षी. जाण्याच्या आधी इथल्या लोकांना वाचायला जागा हवी म्हणून बॉम्बे नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू करण्यात ते पुढे होते. तिकडे आत जाता येत नाही तर इकडे आपली काढू, असं त्यांनी कुठे लिहून ठेवलंय असं नाही, पण मला ते तसंच दिसतं. आपल्या इलाख्यातली ही अशी पहिलीच लायब्ररी.

मग १८९२. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अध्यक्ष झाले. पहिले हिंदी अध्यक्ष. पन्नास वर्षांपूर्वी ज्या सभेत आपल्यातला एकही माणूस बसू शकत नव्हता तिथे मधल्या खुर्चीवर गीतेचा इंग्रजी अनुवाद केलेला मराठी माणूस बसला. वर्षभरात तेही गेले, त्रेचाळीस वय.

लिहायचं अजून पुष्कळ आहे पण आज इथेच थांबतो. इथे कोण कोण जातं एशियाटिकला? आणि तुमच्या गावच्या जुन्या लायब्रऱ्यांचं पण लिहा.

रत्नदुर्ग

सुंदर धागा. एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. इलाख्यातली पहिली म्हणताय ते बरोबर नाही. आमच्या रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं आहे, तेव्हाचं नाव नेटिव्ह लायब्ररी असंच होतं. आज रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय. म्हणजे टाउन हॉल बांधून व्हायच्या आधी आमच्याकडे पुस्तकं देवघेव सुरू होती. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आजोबा रोज संध्याकाळी घेऊन जायचे, ते वर्तमानपत्रं वाचणार, मी बालविभागात, आणि परत येताना एकेक पुस्तक काखोटीला. आजोबांना तारीख पाठ होती म्हणून मलाही पाठ आहे.

शाईपेन

रत्नदुर्ग, राग कसला, उलट आभार. बरोबर आहे तुमचं, माझं चुकलं. धाग्यातलं वाक्य तसंच ठेवतो म्हणजे तुमच्या प्रतिसादाचा संदर्भ लागेल. मुंबईत अशी पहिली, असं वाचावं सगळ्यांनी.

गोदाकाठ

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. आम्ही सगळे सावाना म्हणतो. नाटकाला गेलात तर साईखेडकर नाट्यगृह त्याच आवारात आहे, त्यामुळे माझ्या डोक्यात लायब्ररी आणि नाटकाची तिसरी घंटा हे एकत्रच बसलंय.

कसबापेठ

पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८, पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी. लोकहितवादींचा त्यात मोठा वाटा. त्याच वर्षी त्यांची शतपत्रं प्रभाकरमध्ये यायला लागली, भाऊ महाजनांचं प्रभाकर मुंबईहून निघायचं. मला हे साल फार आवडतं. एकीकडे माणूस लोकांना सांगतोय की वाचा, जगात काय चाललंय बघा, आणि दुसरीकडे वाचायला जागा पण उभी करतोय.

नेटिव्ह हा शब्द मुंबईच्या लायब्ररीतही आणि पुण्याच्यातही आहे. आज तो शब्द टोचतो, पण तेव्हा पाटीवर तो असणं म्हणजे ही तुमची आहे, या, असं सांगणं होतं.

रंकाळा

कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०. आणि इथे कुणी लिहिणार नाही म्हणून लिहितो, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करण्यात कोल्हापूर संस्थान पुढे होतं, १९४५ मध्ये. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. म्हणजे गावोगावच्या वाचनालयाला अनुदान मिळणं, अ ब क ड वर्ग मिळणं हे जे आपण आज गृहीत धरतो त्याची वाट आधी संस्थानाने पाडली.

मांडवीतीर

गोंय राहिलें! पणजीची सेंट्रल लायब्ररी १८३२ ची, पोर्तुगीज अमदानीतली, पब्लिका लिव्रारिया नावाने सुरू झालेली. आता पाट्टोला नवी इमारत आहे आणि कृष्णदास शामांचं नाव दिलंय. आणि शाईपेन, तुम्ही भाऊ दाजींचं नाव एका ओळीत घेऊन पुढे गेलात, ते पटलं नाही. भाऊ दाजी लाड आमच्या पेडण्यातल्या मांद्र्याचे, मांजरे म्हणतात काही जण. ग्रँट मेडिकलच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. दिवसभर दवाखाना आणि उरलेल्या वेळात शिलालेख! त्यांच्यावर लिहा ना सविस्तर.

चर्नीरोड

मला शीर्षकातल्या मंडळ या शब्दाबद्दल थोडी हरकत आहे. एशियाटिक ही शोधसंस्था आहे. भारतविद्या, शिलालेख, नाणी, हस्तलिखितं, जर्नल. महामहोपाध्याय पां. वा. काणे धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते, पाच खंड, १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं प्रकाशन चाललं, ते या संस्थेच्या आधाराने. १९६३ ला भारतरत्न. त्यांच्या नावाची संशोधन संस्था तिथेच चालते. अशा जागेला पुस्तकवेड्यांचं मंडळ म्हटलं की ती हौशी लोकांची बैठक वाटते.

शाईपेन

चर्नीरोड, तुमचा मुद्दा समजला, पण मी तो शब्द मुद्दाम वापरलाय. सुरुवातीची सगळी रचना मंडळाचीच होती, सभासद ठरवणार कोण आत येणार, वर्गणी भरायची, पुस्तकं घरी न्यायची. आणि एकोणिसाव्या शतकातल्या सभासदांपैकी कितीतरी जण शिलालेखांसाठी येत नव्हते, विलायतेहून नवी कादंबरी आली का, मासिक आलं का, यासाठी येत होते. तीच वर्गणी वापरून मग जर्नल निघालं, नाणी जमली, हस्तलिखितं जमली. मला यात काही कमीपणा वाटत नाही. कादंबरी वाचायला आलेल्या माणसाच्या पैशावर ताम्रपट वाचले गेले, हे मला फार छान वाटतं. आणि काण्यांनासुद्धा शेवटी लागली ती लायब्ररीच. हवं ते पुस्तक, हवं तेव्हा, एका छपराखाली. पुण्यात भांडारकर संस्था आहे तशी मुंबईत ही.

मांडवीतीर, भाऊ दाजींबद्दल कबूल, लिहायलाच हवं होतं. हा माणूस डॉक्टरकीत मिळवलेला पैसा शिलालेखांचे ठसे आणायला खर्च करायचा. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी त्यांच्याकडे होते, त्यांना भाऊंनी देशभर फिरवलं. ठसे घेऊन यायचे, नकला यायच्या, भाऊ त्यावर बसायचे आणि मग टाउन हॉलच्या सभेत निबंध वाचायचे. अजिंठ्याच्या लेखांवर, कालिदासाच्या काळावर. १८७४ ला भाऊ गेले आणि त्यांचे सगळे लेख पुढे १८८७ मध्ये एका पुस्तकात एकत्र छापले गेले.

नालासोपारकर

भगवानलाल इंद्रजींचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं. मी सोपाऱ्याचा. आमच्याकडे जो स्तूप आहे त्याला गावातले जुने लोक बुरूड राजाचा कोट म्हणायचे. टेकाड होतं नुसतं. १८८२ मध्ये भगवानलालजींनी ते खणलं तर आत विटांच्या बांधकामात मोठा दगडी करंडा निघाला, त्याच्या आत तांब्याचा करंडा आणि त्याच्या भोवती बुद्धाच्या आठ लहान मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. आणि त्या सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. सोन्याची फुलं पण होती. हे सगळं एशियाटिकमध्ये आहे. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला तो म्युझियममध्ये आहे, गेटवेजवळच्या.

मी शाळेत असताना आमच्या सरांनी वर्गाला स्तूपावर नेलं होतं. उन्हाचं झाडाखाली बसवलं आणि ही करंड्यात करंडा असलेली गोष्ट सांगितली. त्यांनी हाताने दाखवलं होतं, एवढा, मग एवढा, मग एवढा, आणि शेवटी चिमटीएवढा. नंतर खूप वर्षांनी फोर्टात नोकरी लागली आणि एकदा काही निमित्ताने ते करंडे बघायला मिळाले, तेव्हा पहिल्यांदा सरांचे हातच आठवले. माप अगदी बरोबर होतं त्यांचं.

जुनीवही

किती छान लिहिलंय सोपारकर दादा.

मी इथे फक्त वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय. माझे बाबा फोर्टातल्या एका बँकेत कारकून होते, छत्तीस वर्षं. आम्ही डोंबिवलीला. बाबा सकाळी ७:४२ पकडायचे आणि संध्याकाळी घरी यायला आठ वाजायचे. आईची कायम तक्रार की बाकीच्यांचे नवरे सात वाजता घरी असतात. नंतर कळलं की बाबा ऑफिस सुटल्यावर आणि जेवणाच्या सुट्टीत टाउन हॉलला जाऊन बसायचे. एशियाटिकचे सभासद नव्हते, ती वर्गणी तेव्हा आमच्या घरात बसणारी नव्हती. त्याच इमारतीत सरकारची सेंट्रल लायब्ररी आहे, तिथे. डबा पायऱ्यांवर बसून खायचे आणि हात धुऊन आत.

बाबा गेले त्याला आता चार वर्षं झाली. कपाटात त्यांच्या एकशेवीस पानी वह्या सापडल्या. प्रत्येक पानावर तारीख, पुस्तकाचं नाव आणि खाली पाचसात ओळी उतरवून घेतलेल्या. एका पानावर नुसतं एवढंच आहे, "आज वरच्या मजल्यावर बाई दिसल्या. टेबलावर पुस्तकांचा ढीग. बोललो नाही." बाई म्हणजे दुर्गाबाई भागवत, पुढच्या पानावर नाव आहे. बाबांनी त्यांचं सगळं वाचलेलं होतं. मला एवढंच विचारायचंय, त्या खरंच रोज तिथे बसायच्या का?

शाईपेन

जुनीवही ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

हो, दुर्गाबाई कित्येक दशकं तिथे येऊन बसत होत्या. लोकसाहित्य, बौद्ध साहित्य, निसर्ग, खाद्य, त्यांनी ज्या ज्या विषयावर लिहिलं त्याचं वाचन पुष्कळसं तिथलं. एशियाटिक आणि दुर्गाबाई हे समीकरणच होतं. १९७५ ला कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या आणि आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिल्या त्या याच बाई, टेबलावरून पुस्तकांचा ढीग हलवून उठलेल्या. २००२ ला गेल्या.

आणि तुमचे बाबा ज्या सेंट्रल लायब्ररीत बसायचे तिचं पण महत्त्व सांगतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यातलं एक हे. म्हणजे तुम्ही आज रत्नागिरीत पुस्तक छापलंत तरी कायद्याने एक प्रत त्या पायऱ्या चढून जायला हवी. योगायोग असा की त्याच १९५४ मध्ये एशियाटिक लंडनपासून वेगळी होऊन स्वतंत्र झाली, एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे. मुंबई हे नाव २००२ मध्ये लागलं.

वह्या जपून ठेवा. शक्य असेल तर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, शाई उडते.

तलावपाळी

+१ वह्यांबद्दल.

ठाण्याचं लिहितो. मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे, १ जून १८९३. वि. ल. भावे, महाराष्ट्र सारस्वतकार, यांनी पुढाकार घेऊन काढलं. वर जी नावं आली त्यात आणि यात फरक आहे, इथे फक्त मराठी पुस्तकं जमवायची असं ठरवून सुरुवात केली. छापलेलं प्रत्येक मराठी पुस्तक आपल्याकडे हवं ही ईर्षा. तेव्हा शिकलेल्या घरात इंग्रजी पुस्तकाला मान होता आणि मराठी पुस्तकं रद्दीत जात होती. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १८९८. त्याच्या शाखा मग मुंबईभर झाल्या आणि गिरणगावातल्या चाळीतल्या पोरांनासुद्धा घराजवळ पुस्तक मिळायला लागलं.

शाईपेन, तुमच्या त्या मुलीच्या प्रश्नाला मला वाटतं हे उत्तर आहे. दार उघडेपर्यंत वाट बघत बसण्यापेक्षा लोकांनी आपापली दारं बांधली.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत. एशियाटिकचं ग्रंथसंजीवनी म्हणून पोर्टल आहे, जुनी पुस्तकं, वर्तमानपत्रं, जर्नल स्कॅन करून टाकलीत. रात्री मुलं झोपली की मी त्यावर असतो. आजोळचं गाव कुठल्या जुन्या गॅझेटियरमध्ये सापडतं का ते शोधताना पहाट होते. माझ्या मते आता सगळा पैसा स्कॅनिंगमध्येच लावावा. इमारत सुंदर आहे, पण तिथे पोचू शकणारे किती? मुंबईतल्यासुद्धा विरार कर्जतच्या माणसाला अर्धा दिवस जातो.

पानखूण

एडिसनकर, मी पुस्तक दुरुस्तीचं काम करते (कुठे ते सांगत नाही) त्यामुळे थोडं लिहिते. स्कॅन व्हायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण स्कॅन करायला पुस्तक उघडावं लागतं, आणि १८७० नंतरचा कितीतरी कागद असा आहे की उघडला की कोपरा हातात येतो. त्या काळापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यात आम्ल असतं, ते आतून कागद खातं. उलट त्याच्या आधीचा चिंध्यांचा कागद आजही मऊ आणि दणकट आहे. त्यात मुंबईची हवा, समुद्र शंभर पावलांवर, पावसाळ्यात चार महिने दमट. मग आधी पान न् पान सुटं करायचं, आम्ल काढायचं, जपानी टिशूने दोन्ही बाजूंनी धरायचं, गव्हाच्या खळीने. सुकवायचं. परत शिवायचं. एका जाड खंडाला महिना सहज जातो. एशियाटिकची पुस्तक दत्तक योजना आहे, आपण पैसे द्यायचे आणि एका पुस्तकाची दुरुस्ती होते. मला ती कल्पना फार मोलाची वाटते.

आणि खरी पोथी ती खरी पोथी. एल्फिन्स्टनने दिलेली दांतेच्या डिव्हाइन कॉमेडीची चौदाव्या शतकातली हस्तलिखित प्रत तिथे आहे. मुसोलिनीने ती मिळवण्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते आणि सोसायटीने नाही म्हटलं असं सांगतात. स्क्रीनवर ती बघून अक्षर कळतं. पण शाई कुठे दाट बसलीय, लेखणी कुठे बुडवली, कातडं कसं आहे, हे हातात घेणाऱ्यालाच कळतं.

एडिसनकर

पानखूण, हे माहीत नव्हतं. डिसेंबरात येतोय, एक पुस्तक दत्तक घेणार. नक्की.

कसबापेठ

चर्चेत अरुण टिकेकरांचं नाव यायला हवं. लोकसत्ताचे संपादक, नंतर एशियाटिकचे अध्यक्ष. वर्तमानपत्र चालवणारा माणूस त्या खुर्चीवर बसला हे मला बाळशास्त्र्यांपर्यंत जाऊन भिडलेलं वाटतं.

चर्नीरोड

हा मुद्दा आवडला. बाळशास्त्री पण संपादकच. मंडळ या शब्दावरची हरकत मागे घेतो.

आणि पायऱ्यांची अजून एक आठवण, १ नोव्हेंबर १८५८ ला राणीचा जाहीरनामा मुंबईत याच पायऱ्यांवरून वाचला गेला. कंपनीचं राज्य संपलं ते इथे उभं राहून सांगितलं. आता तिथे लोक वडापाव खातात आणि आम्ही आमच्या नातवाला तिथे अंक शिकवले, एक ते तीस.

जुनीवही

शाईपेन काकांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता, ते सभासद आहेत, म्हणाले या, बरोबर आत जाऊ. काल शनिवारी गेले. बाबांची एक वही पिशवीत घेतली होती.

आत शिरल्यावर नाना शंकरशेटांचा पुतळा. मग वरचा हॉल, उंच छत, लाकडी जमीन, आपण कितीही हळू चाललो तरी फळी वाजते. पंखे लांब दांड्यांवर. एका टेबलाशी एक मुलगा लॅपटॉप उघडून बसलेला आणि शेजारच्या टेबलावर एक आजोबा भिंग घेऊन. काकांनी चिठ्ठी लिहून जर्नलचा अगदी जुना खंड मागवला. दहापंधरा मिनिटांनी आला, पांढऱ्या फितीने बांधलेला. त्यांनी मला पान उलटायला दिलं. पानखूण ताईंनी लिहिलंय तसंच, कागद मऊ होता, कापडासारखा. मध्येच एका निबंधापाशी बाळ गंगाधर शास्त्री, इंग्रजी अक्षरात. मी बराच वेळ त्यावरून नुसतं बोट फिरवत होते, मग लक्षात आलं की असं करायचं नसतं म्हणून हात मागे घेतला.

नंतर खाली आलो आणि पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला. मेथीचे पराठे नेले होते. काका म्हणाले वही दाखव, तर मी ते बाईंचं पान काढून दाखवलं. तारीख आहे ११ जुलै, साल नाही. बाहेर पाऊस होता असं कोपऱ्यात लिहिलंय बाबांनी.

सभासदत्वाचा अर्ज आणलाय. उद्या भरते.

शाईपेन

ताई, सूचक म्हणून माझं नाव घाला.